थियप की थियम

आदरणीय अम्नुआयदादा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा थवी याचा, जोडलेले हात नाकापर्यंत नेऊन, नमस्कार. तिकडे रयोंगला सगळे खुशाल ना? डुरियनला ती जड, काटेरी फळं धरली असतील, तेव्हा झाडाखाली उभं राहताना वर बघत जा. वहिनींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. पिकअपही ठीक आहे. (पिकअपचं वेगळं काढून सांगितलं, म्हणजे तुम्हाला वास आलाच असेल.) फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही माझ्या पहिल्याच वाक्याला ‘काय करून ठेवलंस’ म्हणता, आणि आई शेजारी बसून दोन्हीकडचं ऐकते. पत्र नव्या चिकट भाताच्या पोत्याबरोबर धाडतोय. आधी भात शिजवून खा, मग पुढचं वाचा.

तुमची आज्ञा मला तोंडपाठ आहे. तुम्ही आईसाठी गावात ठेवलेल्या पिकअपमध्ये तिची पाठ दुखते, तर मागच्या चाकांवरच्या कमानी बदलून घे. आणि सोंगक्रानच्या सणाला तुम्ही आलात नि आई पुन्हा ‘पाठ’ म्हणाली, तर गाडी आणि आई दोन्ही रयोंगला घेऊन जाणार. दादा, त्या दिवसापासून तुमच्या बहिणीच्या, बुआलोयच्या, घशाखाली घास उतरत नाही. मी जावई असून सांगतो, मलाही आईवाचून करमणार नाही. माझ्या चटणीला इतक्या मनापासून नावं ठेवणारं दुसरं कोण आहे? आणि तिला तरी तुमच्या बंगल्यात गार फरशीवर बसून काय करायचंय? इथे उपोसथाच्या व्रताच्या दिवशी विहारात गेलं की तिला अख्ख्या गावाच्या भानगडी कळतात, पुण्य मिळतं ते वेगळं.

तर कमानी. तुम्ही बजावलं होतंत की ‘थे’, म्हणजे कंपनीचा अस्सल माल, आपल्याला झेपत नाही. ‘थियप’, म्हणजे दुसऱ्याने बनवलेला पण तोडीस तोड, तो घे. आणि ‘थियम’, म्हणजे निव्वळ नकली, त्याला शिवूसुद्धा नकोस. बोलणं शहाणपणाचं होतं. पण दादा, या दोन्ही शब्दांच्या शेवटी ओठ मिटतात, आणि एकदा मिटले की आत प राहिला की म, हे तोंडात भाताचा गोळा असला तर बोलणाऱ्यालाही कळत नाही. माझ्या तोंडात तो होता. (बुआलोयने वाटेत खायला दिला होता, म्हणजे मूळ चूक तुमच्याच घराण्याची.) हेंग शेठच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली असताना मी मोठ्या आवाजात ‘थियम’ मागितलं, वर ‘पण चांगल्यातलं’ असंही म्हणालो.

शेठने चहाची पेली खाली ठेवली. “थवी,” तो म्हणाला, “माझ्या बापाच्या फोटोखाली उभा राहून नकली माल मागतोस?” गिऱ्हाइकं आपापल्या चपलांकडे बघायला लागली. मी जीभ चावली, घास गिळला, थियप थियप असं जपासारखं म्हटलं, पण शेठचा चेहरा काही सरळ होईना. आता तुम्हीच सांगा, भल्या माणसाचं मन दुखावल्यावर आपल्यात काय करतात? माफी मागून भागत नाही, विकत घ्यावं लागतं. शेठनेही मग मनापासून दाखवलं. कमानीच्या पाट्यावर पाना आपटून त्याने मला नाद ऐकवला, रबराच्या बुशांना नख लावून वास घ्यायला लावला, खोक्यावरची अक्षरं वाकडी असली तर खोकं उघडूच नये हे शिकवलं. मालात खोट काढायला तसूभर जागा नव्हती, आणि तिथेच घोटाळा झाला. कारण त्याने दिल्या त्या ऊस वाहणाऱ्यांच्या कमानी, जादा पाट्याच्या. त्या बसवल्यावर गाडीचा पार्श्वभाग वर आणि नाक खाली, अशी ती माझ्याऐवजी शेठची माफी मागत उभी राहिली. म्हणून पुढूनही उचलली. उचलल्यावर चाकं थोरल्या भावाची विजार घातलेल्या पोरासारखी दिसायला लागली, म्हणून टायर मोठे घेतले. शेठ हसला. मलाही बरं वाटलं.

उपोसथाला आईला घेऊन निघालो. दादा, ऊस नसेल तर त्या कमानी हलायलाच तयार नसतात. रस्त्यात गोगलगाय आली तरी आम्ही दोघं टपाला डोकं लावून परत येत होतो. भिक्षूंसाठी नेलेली फणसाची भाजी निम्मी आईच्या मांडीवर गेली.  विहाराशी पोचल्यावर आई म्हणाली, “उतरव मला.” तर गाडी इतकी उंच की पाय जमिनीला पोचेना, आणि मला ती हात लावू देईना. भिक्षूंना बाईमाणसाला शिवता येत नाही, तेव्हा ते चार हात लांब उभे राहून नुसते सल्ले देत होते. शेवटी विहाराच्या कोठीतून एक दणकट स्टूल आणलं. त्यावर एरवी काय ठेवतात ते मी आईला अजून सांगितलेलं नाही. (शवपेटी.)

आईचं म्हणणं पडलं की गाडीची देवी रुसली आहे, तिला न विचारता तिचे पाय उंच केलेस. म्हणून आरशाला हार घातला, बॉनेटवर लाल सरबताची बाटली ठेवली, चूक कबूल केली. ज्योतिषी म्हणाले, आईच्या जन्मवाराला गाडीचा काळा रंग वाईट, पिवळा चांगला, तेव्हा मागच्या काचेवर ‘ही गाडी पिवळी आहे’ असं चिकटवलं. (नाक्यावरच्या पोलिसाने ते वाचलं, गाडीकडे बघितलं, “पिवळी?” असं विचारलं. मी हो म्हटलं. त्याने जाऊ दिलं.) धक्के मात्र होते तसेच राहिले.

तोडगा सापडला तो खाम्फोंगकाकूंमुळे. त्या वाटेत हात करून पिकअपच्या मागच्या हौद्यात चढल्या, त्यांना बघून त्यांच्या जावा चढल्या, मग चटया, उखळ, भाताचे डबे. हौदा गच्च भरला आणि दादा, गाडी तळ्यातल्या होडीसारखी चालायला लागली. कमानी उत्तमच आहेत, त्यांना फक्त माणसं लागतात. आता आई आदल्या दिवशी गावच्या कर्ण्यावरून पुकारा करते, कोण कुठे बसणार ते ठरवते, आणि काटकुळ्या बायकांना मांडीवर तांदळाचं पोतं घेऊन बसायला लावते. इतकी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती. तेव्हा काळजी नसावी. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
थवी

ता. क. एक छोटीशी विनंती. सणाला आल्यावर तुम्ही परीक्षा घ्यायला आईला एकटीला गाडीत बसवून चक्कर माराल, मला ठाऊक आहे. तसं कृपा करून करू नका. अगदीच राहवलं नाही तर मी चालवतो, तुम्ही हौद्यात बसा. तुमची तब्येत चांगली आहे, उपयोग होईल.

आणखी ता. क. आईने पत्र पकडलं आणि अथपासून इतिपर्यंत वाचून घेतलं. आता ती सांगते आहे आणि मी लिहितो आहे.

अम्नुआय, ते स्टूल कसलं ते मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या बापाला त्याच्यावरच ठेवलं होतं. माझ्या पाठीला काही झालेलं नाही, कधीच नव्हतं. (इथे माझा हात थांबला. आई म्हणाली, लिही.) डोकं दुखतं म्हटलं तर तू आठवड्याने फोन करतोस, पाठ म्हटलं की रोज करतोस, म्हणून पाठ. रयोंगला मी येणार नाही. तू ये. आणि तुझी ती नवी गाडी एकट्याने हाकत आणू नकोस, सुनेला, पोरांना, सगळ्यांना घालून आण. रिकामी गाडी फार उडते.