आधी घरी येणारी पाखरं

सोमवार, बारा तारीख

चि. भिंगरीस,

आजोबांचे अनेक आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते पहिल्यापासूनच तक्रारखोर.

शिष्यवृत्तीसाठी लिहिलेला तुझा प्रस्ताव वाचला. परक्या देशात म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या आपल्याकडच्या बायका. त्यांच्यात राहून तू वार्तांकन करणार. मला आंघोळ घालायला येणाऱ्या ताईंनाही वाचून दाखवला. म्हणाल्या, "काका, नात परदेशी चालली, मग तोंड का रडवेलं?"

"साबण गेला डोळ्यात."

"अजून लावलाय कुठे!"

भाषा छान आहे. लांबलेल्या वाक्यांना खुणा केल्या आहेत. दुसरं पान मात्र मी सारखं काढून बसतो.

तिथे तू लिहितेस, 'एका मदतनीस बाईंशी फोनवर बोलले. अंथरुणाला खिळलेल्या आजींचे केस विंचरताना त्या शाळेतली कविता म्हणतात. तिच्यातली पाखरं आधी घरट्यात परततात, मग उडून जातात.'

भिंगरे, पुस्तकात ती आधी उडतात. सगळ्या वर्गाची आधी उडायची. उलटी म्हणणारी एकच मुलगी मला ठाऊक आहे. माझ्या मांडीवर बसून म्हणायची, आणि सुधारायला गेलो की गाल फुगवायची. "आधी घरी आली की काळजी नाही ना, बाबा!"

म्हणजे तुमचं बोलणं झालं.

तुला माझ्याकडे ठेवून ती कामासाठी परदेशी गेली. पुढे तू तिचे फोन घेईनाशी झालीस, मग तेही थांबले. तुझ्यापुढे तिचं नाव काढायचं मीही सोडलं. आणि आता तू तिला 'बाई' म्हणून भेटायला निघालीस, हातात प्रश्न घेऊन! तुझा आवाज ओळखला का गं तिने?

निवड करणारे विचारतीलच, ही तुमची कोण? खरं सांगितलंस तर घरच्याच माणसावर लिहितेस म्हणून कदाचित नाकारतील. लपवलेलं मागाहून उघडं पडलं तर तुझ्या लिहिण्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. मला दोन्हीची धास्ती वाटते. तू गेलीस की दारावरची तुझी टकटक थांबेल. नाही गेलीस तर तिची खबर कोण आणणार?

तरी 'एका मदतनीस बाईंशी' या शब्दांवर मी पेन्सिलीने रेघ मारली आहे. वर काही लिहिलेलं नाही. तिथला शब्द तुझ्या हातचा हवा.

आणि भेट झालीच, तर तिची कविता सुधारू नकोस.

तुझ्या आईचे बाबा