राहून गेलेली ओ

ला कोंब, कांतालचे डोंगर
मंगळवार, ११ सप्टेंबर १९३४

लाडक्या उर्सूलला,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तू सुखरूप असशील, दुकान चालत असेल, तुझ्या आंतोनँचा दमा बरा असेल असं धरून चालते.

सदतीस वर्षांत माझं हे दुसरंच पत्र. पहिलं चार ओळींचं होतं, आणि त्यातली एक ओळ खोटी होती. त्यावर नंतर येते. आधी इकडची खबर घे, म्हणजे माझाही हात जरा सैल होईल. अक्षर अजून तेच आहे, जत्रेतल्या पंचांगावरून गिरवलेलं. हसू नकोस.

गायी बऱ्या आहेत. तांबडीला उशिरा वासरू झालं. ते पुढच्या पायाशी बांधल्याशिवाय ती थेंबभर दूध देत नाही. अगदी तिच्या पणजीसारखी. कोबीचं सूप आणि काळा पाव अजून पचतो. गुडघे मात्र चढावर कुरकुरतात आणि उतारावर रडतात. तेव्हा यंदा संत जेरोच्या सणाला गुरं खाली उतरवली की वरचं दगडी झोपडं मी चुलतभावाच्या पोरांना देणार. पुढच्या उन्हाळ्यात वर कोणी फिलोमेन नसेल. म्हणूनच तुला एक विचारायचंय. ते शेवटी विचारते, कारण आधी विचारलं तर पुढचं लिहायचा धीर व्हायचा नाही.

परवा रविवारी चर्चमधून निघून जिल्बेर्तच्या कॅफेत गेले. नवरा गेल्यापासून कॅफे तीच चालवते. तिनं रेडिओ घेतलाय. लाकडी बूट करणारा आमाब्ल त्याला कान लावून बसला होता.

मला बघून म्हणाला, "ये गं म्हातारे. पॅरिसवाले आज आपली गाणी वाजवणारेत. साठ माणसं बसलीत म्हणे वाजवायला."

मी म्हटलं, "आपल्या गाण्यांना साठ माणसं कशाला? एक गाय पुरते."

"गाय पुरते ती तुझ्या आवाजाला. ती बिचारी पळून जाऊ शकत नाही."

जिल्बेर्तनं दोघांनाही गप्प केलं.

उर्सूल, कसं सांगू तुला. आधी नुसती व्हायोलिनं, खूप सारी, पण हळू. सकाळी ओल्या गवतावरून वाफ उठते ना, तशी. मग त्यात खालून काहीतरी लकाकलं, दगडाखालून झरा दिसावा तसं. गळ्यातल्या घंटा कुणी वाजवत नव्हतं, तरी मला त्या ऐकू येत होत्या. आणि मग एक बाई गायला लागली. शहरातली बाई, रेशमासारखा गळा, पण बोल आपल्या डोंगराचे, आपल्याच बोलीतले. धुक्यातली हाक होती ती. आपली. पलीकडच्या उतारावर कोण आहे, गुरं कुठवर आली, म्हणून विचारायची ती.

चार वर्षांपूर्वी गाणी टिपणारे फाब्रेग साहेब इथे आले होते. त्यांनीच ते गाणं माझ्याकडून वहीत उतरवून घेतलं होतं. तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "मावशी, ही तर हाक झाली. हिची ओ कुठाय?"

मी म्हटलं, "ओ नाही हिला. एवढंच गाणं आहे."

"पण गात कुणाबरोबर होता?"

"बहिणीबरोबर. ती पॅरिसला असते. बास्तीयजवळ कोळसा आणि वाइन विकते."

एवढं बोलून मी दूध गाळायला उठले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

रविवारी त्या बाईचं पहिलं कडवं संपलं आणि शेवटचा स्वर तिनं लांबवला. तुला ठाऊक आहे आपला रिवाज. पलीकडून ओ आल्याशिवाय दुसरं कडवं धरायचं नाही, मग तासभर उभं राहावं लागलं तरी. आणि हाक कानी पडली की ओ दिलीच पाहिजे, हाक वैऱ्याची असली तरी. तो स्वर लांबला नि माझे पाय आपोआप उठले. खुर्ची मागे पडली. भर कॅफेत, टोपी डोक्यावर, मी तोंड उघडलं ओ द्यायला. तुझी ओळ.

आमाब्ल म्हणाला, "अगं, पेटी आहे ती. तिला ऐकू येत नाही."

सगळे हसले. पण मी थांबले ती त्यांच्या हसण्यानं नाही. माझ्या आधीच ओ आली होती. पाव्यासारखं काळं लाकडी वाद्य, ओबो म्हणतात असं जिल्बेर्तनं सांगितलं. त्यानं तुझी ओळ वाजवली, सुरापासून सुरापर्यंत. मी तर ती कुणाला दिली नव्हती.

आणि मधे ते थांबलं. ओळीच्या पोटात, जिथे कुणी शहाणा गवई श्वास तोडणार नाही तिथे. लहानपणी तू चढ चढत गायचीस, तिथे तुझा दम जायचा. मग सपाटीवर उभी राहूनही तिथेच थांबायचीस. मी कितीदा ओरडले असेन तुला. जित्याची खोड. साठ माणसं त्या खोडीपाशी थांबली, उर्सूल, आणि मग पुढे गेली.

म्हणजे फाब्रेग साहेब तुझ्या दुकानात आले होते. तू त्यांना ओ गाऊन दाखवलीस. कोळशाच्या पोत्यांमध्ये उभी राहून का? हे सगळं मला खुर्ची उचलताना उमगलं. जिल्बेर्तनं पाणी दिलं. आमाब्ल माझ्याकडे न बघता म्हणाला, "छान वाजवलं रे त्यानं." मग कुणी हसलं नाही.

आता ती खोटी ओळ. तू आंतोनँबरोबर निघालीस त्या सकाळी पुलाच्या वळणावर थांबून हाक घातलीस. पुढे तू पत्र लिहून विचारलंस की ओ का दिली नाहीस. मी कळवलं, धुकं दाट होतं, आवाज पोचला नाही. गावालाही तेच सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की पुढे पुढे मलाच ते धुकं दिसायला लागलं.

धुकं नव्हतं. आभाळ घासलेल्या पातेल्यासारखं लख्ख होतं. तुझी निळी शाल मला दिसत होती. मी बीचच्या झाडामागे उभी होते. वीस गायी आणि दोनच हात, बाबांना जाऊन वर्ष झालेलं, आणि तू चाललीस याचा राग नाकावर बसलेला. तू दोनदा हाक घातलीस. दुसऱ्यांदा शेवटचा स्वर तू इतका लांबवलास की तुझा दम संपला. मग आंतोनँनं सामानाची पेटी उचलली. मी झाडाची साल सोलत राहिले. साहेबांना ओ दिली नाही तीही यामुळेच. जी तुला दिली नाही, ती वहीत कुठल्या तोंडानं घालू?

तू मात्र माझ्या हाकेला ओ दिलीस, माझ्यामागे, मला न कळवता.

तर विचारायचं ते हे. संत जेरोच्या सणाला येशील का? तेरा ऑक्टोबर, शनिवार. वर चढायची गरज नाही. तुझेही गुडघे काही वेगळ्या मातीचे नसणार. बस पुलाशी थांबते. वळणावर उभी राहा आणि हाक घाल, गळा कसाही असू दे. गायी घेऊन मी वर बीचच्या झाडापाशी असेन, या वेळी झाडाच्या पुढे, तुला दिसेन अशी. नाही आलीस तरी मी रागावणार नाही. दुसरं कडवं मात्र धरणार नाही.

शेजारच्या पोस्टमनबरोबर जून महिन्यातल्या चीजचा तुकडा पाठवलाय. साल काढू नकोस, चव तिथेच असते.

सदतीस वर्षं तुझी ओ देणं लागणारी,
फिलोमेन