पलीकडचं पार्क

३ डिसेंबर

पोचलो. ऑरलँडोत घामाच्या धारा आणि आमच्या अंगावर डेटनच्या थंडीत चढवलेले स्वेटर! आमच्या जुन्या थीम पार्काला लागून, तळ्याकाठची तीच इमारत. वेंडेलने दार उघडलं आणि दरवर्षीसारखंच म्हणाला, "घरी आलो, जोलीन." टाइमशेअर आहे रे बाबा, वर्षातून एक आठवडा आपला! पण नवऱ्याला हे सांगायची सोय नाही.

केंड्रा, जावई आणि पायपर उद्या येतील — उतरणार मात्र हमरस्त्यापलीकडे, नव्या पार्काच्या हॉटेलात. लेकीची खोली पहिल्यांदाच रिकामी. मी उगाच तिथली उशी नीट करून आले.

४ डिसेंबर

वेंडेल फुगून बसलाय! "केंड्रा जिथे चालायला शिकली ते सोडून तिकडे?" मी म्हटलं, पायपर सात वर्षांची आहे, तिला तिकडची ड्रॅगनची राइड हवीय. "तिकडे नुसता आरडाओरडा." कधी पाऊल टाकलं नाही, पण सगळं ठाऊक.

वर आज सांगतो, शुक्रवारी केंड्राला चाळीस पूर्ण होतील, तर टाइमशेअर तिच्या नावावर करणार. इथल्या ऑफिसात बोलूनही आला. केंड्राने पलीकडचे वर्षभराचे पास काढलेत. मला माहीत आहे, त्याला नाही.

६ डिसेंबर

"दुकानात जाते" म्हणून सटकले. थेट पलीकडच्या पार्कात, केंड्रा आणि पायपरकडे! सवयीने मनगटावरची आमच्या पार्काची पट्टी गेटला टेकवली — लाल दिवा! मागचे लोक फिदीफिदी हसले. पायपर ओरडली, "आजी, ही त्यांची पट्टी! आपली नाही!" त्यांची म्हणे. तिच्या आईने पहिलं आइस्क्रीम जिथे अंगावर सांडलं, ते 'त्यांचं'!

ड्रॅगनवर बसले. इतकी किंचाळले की घसा बसला. फार मजा आली. लिहितानाही चोरट्यासारखं वाटतं.

केंड्राला वाढदिवसाची भेट सांगून टाकली. ती म्हणाली, "आई, मला ते घर आवडतं गं. पण तिथे मी अजून बाबांची छोटी मुलगी. तीच न्याहारी, तीच बोट, तोच बाक. मला नाही म्हणायला लावू नकोस. तूच सांग ना त्यांना."

नाही सांगणार. भित्री आहे मी.

७ डिसेंबर

"दुकानात एवढी कुणाशी भांडलीस?" माझा बसलेला आवाज ऐकून वेंडेल म्हणाला, आणि मध घालून चहा करून दिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

८ डिसेंबर

तळ्याकाठी जेवण. केकऐवजी केंड्राला आवडतो तो लिंबाचा टार्ट, त्यावर मेणबत्ती. वेंडेलने टाइमशेअरच्या कागदांचं पाकीट पुढे केलं. केंड्राने वाचलं आणि त्याचा हात धरला. "बाबा, नको. रागावू नका. आम्ही आता तिकडचे झालोय."

मला वाटलं, आता भडकणार. रागावला असता तर बरं झालं असतं! नुसतं म्हणाला, "वर्षातून एकदाच ये गं. नाव लाव. एवढं कर माझ्यासाठी." पुन्हा म्हणाला. पुन्हा. या माणसाला मी कधी कुणापुढे गयावया करताना पाहिलं नव्हतं. केंड्रा रडत उठून गेली. पायपर ताटातला टार्ट तसाच टाकून तिच्यामागे.

मला त्याचा भयंकर राग आलाय. एका आठवड्याच्या घरापायी पोरीला वाढदिवसाला रडवलं! त्याच्याशी बोलत नाहीये.

९ डिसेंबर

सकाळी त्याने केंड्राला बोलावून घेतलं, आम्हा दोघींना समोर बसवलं आणि सांगितलं. त्याच्या स्वादुपिंडात कॅन्सरची गाठ आहे. सप्टेंबरपासून त्याला माहीत. "पुढच्या डिसेंबरात ही इथे एकटी येईल, म्हणून तुझं नाव हवं होतं." केंड्रा पेन शोधायला लागली. त्याने तिला जवळ ओढलं. "सही राहू दे. आईला सोबत नेत जा, कुठेही. आणि उद्या तिकडे मलाही ने."