तळमजल्याची खोली

२ मार्च २०२०, हार्लेम
आजपासून गुडघ्याची चिंता बंद. आता उपाय. इथला डॉक्टर, ज्याला हे डच लोक हाउसआर्ट्स म्हणतात, कशालाही पॅरासिटामॉल देतो. मोरेश्वर वेल्समध्ये लेकीकडे, सुचेताकडे असतो. त्या गावाचं नाव मला लिहिता येत नाही. तिथल्या झऱ्याचं पाणी गंजक्या बोल्टसारखं लागतं, पण सांधे सुटतात म्हणे. एप्रिलमध्ये पंधरा दिवस जाणार. सुचेताकडे उतरायचं नाही. मोरेश्वरच तिथे पाहुणा, पाहुण्याने पाहुणा आणू नये. खोली घ्यायची.

५ मार्च
अभिरामने कॉम्प्युटरवर गेस्टहाऊस दाखवली. फोटोत सगळीच छान. मुलगा फोटोवर विश्वास ठेवतो, मी ठेवत नाही. मोरेश्वरला कळवलं: स्वतः जा, गादी दाबून बघ, जिना बघ, संडासात पाण्याची सोय बघ. संगमनेर डेपोत आम्ही दोघं तपासल्याशिवाय एकही एसटी बाहेर सोडत नव्हतो. तो म्हणाला, "श्रीध्या, खोली बघतोय की तुला स्थळ?" पण जाणार.

८ मार्च
पहिलं घर नापास. जिना अरुंद. शिवाय मालकीणबाई सारख्या खोकत होत्या. तरी मोरेश्वरला बळेच चहा पाजला, तासभर गप्पा मारल्या. असल्या घरात मी राहणार नाही. आधी तपासून घेतलं ते बरं. मी मुळात सावध माणूस.

९ मार्च
सरकारने हात मिळवणं बंद केलं. ऋजुता म्हणाली, "बाबा, एप्रिलचं आता विसरा." सुनेला काळजी करायची सवय. मला नाही. दार लावलंय का, तीनदा बघितलं.

१२ मार्च
दुसरं घर. गादी फार मऊ, कंबर जाईल. नापास. मोरेश्वर म्हणतो घसा धरलाय, तिसरं पुढच्या आठवड्यात बघू. मी लिहिलं: "बहाणे नकोत. सीझन सुरू झाला की चांगल्या खोल्या जातात." थोडं कडक बोलावं लागतं त्याच्याशी.
सुपरमार्केटात संडासचा कागद संपलाय. आपलं काही अडत नाही.

१४ मार्च
गेला! तिसरं घर पास. तळमजला, कडक गादी, बागेतून झऱ्याकडे वाट. बोलून मेसेज पाठवलाय. मध्ये मध्ये धापा टाकत होता. म्हणजे वाटेला चढ असणार. गुडघ्याचं काय? विचारलं, "चढ आहे का?" निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

१७ मार्च
रागावला. ठरवलं, मीही लिहिणार नाही.
दुपारी लिहिलं: "चढ किती?" एकच करडी खूण.

२१ मार्च
अजून एकच खूण. फोन बंद करून बसलाय. डेपोतही असाच रुसायचा, मी डबा उघडला की यायचा. लिहिलं: "अरे बोल की."
रस्त्यावर माणूस नाही. अॅम्ब्युलन्स मात्र सकाळपासून.

२६ मार्च
अभिराम एकदम नरम. म्हणाला, "तुम्ही म्हणाल तेव्हा जाऊ, बाबा." ऋजुताने शिरा केला, सण नसताना. अखेर माझं पटलं म्हणायचं. मी आत गेलो की दोघं बोलायची थांबतात. सरप्राइज असेल. मोरेश्वरला कळवलं: "खोली धरून ठेव." एकच खूण.

३० मार्च
सुचेताचा फोन. अभिरामने माझ्या हातात दिला आणि खुर्चीमागे उभा राहिला.
मोरेश्वर गेला. आठवडा झाला. अभिराम-ऋजुताने मला सांगितलं नव्हतं, गुडघेदुखीपलीकडे काही सोसणार नाही मला असं वाटलं असेल. हॉस्पिटलात कुणाला आत सोडलं नाही. फोन घरीच राहिला होता. नर्सच्या फोनवरून लेकीला एकच सांगत होता: "श्रीध्याला सांग, चढ नाही. वाट सपाट आहे."
मी विचारलं, जेवलीस का. पहिल्या घरातल्या चहाचं विचारणार होतो. विचारलं नाही.
ती म्हणाली, "काका, बाबांचा फोन आज चार्जिंगला लावलाय. तुमचे मेसेज वाचून ते किती हसायचे. आता मीपण वाचणार आहे."
फोन ठेवल्या ठेवल्या १२ तारखेचा, ‘बहाणे नकोत’चा मेसेज काढून टाकला. फक्त माझ्या फोनमधून गेला.

संध्याकाळ
"चढ किती?" निळं झालं. "अरे बोल की" निळं झालं. "खोली धरून ठेव" निळं झालं.
आता ती वाचत वर वर जात असेल.