करवंदीच्या फुलावरची मुंगी

पुणे, मार्च १९७४

अब्बांना सलाम.

मी खुशाल आहे. खाणावळीत भाकरी मिळते, काळजी नको. अम्मीचा खोकला थांबला का?

आता रागाचं लिहितो. शाहूवाडीच्या डोंगरात ऊन चढायच्या आत, मऊ उजेडात करवंदीचं फूल अगदी जवळून टिपलं होतं. पाकळीची कड किडीनं खाल्लेली, वर एक मुंगी. छापायला निगेटिव्ह तुमच्याकडे ठेवली, तर तुम्ही रिटचिंगच्या पेन्सिलनं निगेटिव्हवरच कड आणि मुंगी दोन्ही बुजवलंत. वर चिठ्ठी, "मुंगी काढलीया, आता फूल झ्याक दिसतंय की."

संपादकांनी फोटो पाहून विचारलं, "कागदाचं आहे का?" मासिकाचं मुखपृष्ठ होतं ते, माझं पहिलं.

लग्नाच्या मुलींच्या फोटोतले देवीचे व्रण तुम्ही बुजवता, मी कधी बोललो नाही. या फुलाला स्थळ बघायचं नव्हतं, अब्बा.

त्याच फुलाची दुसरी निगेटिव्ह आपल्या शाहूपुरीच्या स्टुडिओत आहे. संपादक सोमवारपर्यंत थांबतील. ती धाकट्या सलमाला पाकिटात घालू द्या. तुम्ही फक्त पत्ता सांगा, आणि तेवढा वेळ चष्मा अम्मीकडे द्या.

सगळ्यांना दुवा, तुम्हाला सोमवारनंतर.

तुमचा
फक्रुद्दीन