खंडेनवमीचे ग्लो प्लग

तासगाव,
आश्विन वद्य द्वितीया, शके १८६९

श्री. गंगाधरपंत यांसी
चिंतामणचा सप्रेम नमस्कार.

साताऱ्यात आता थंडी पडू लागली असेल. इथेही सकाळी धुके असते. आईचा गुडघा दुखतो तो दुखतोच. चि. सौ. शरयूचा ताप काल उतरला.

मागच्या पत्रात तुम्ही विचारले होते, डिझेलच्या लॉरीत ठिणगी नसते, मग ती पेटते कशी? हवा दाबली की तापते, त्यात तेल उडते आणि भडका होतो. पण गार इंजिनात हवा पुरेशी तापत नाही. म्हणून प्रत्येक सिलिंडरात एक ग्लो प्लग असतो, त्याच्या टोकाला तारेचे बारीक वेटोळे. बॅटरी जोडली की ते निखाऱ्यासारखे लाल होते, मगच इंजिन फिरवायचे. आमच्या लॉरीत चारही प्लग एकाच माळेत आहेत. एकाची तार तुटली की चौघेही गार. मी लष्करातून सुटलो, पण लष्करी लिलावातली ही म्हातारी गळ्यात पडली, तेव्हा तिचे नखरे मलाच सोसायचे.

बघा, लिहायचे एक आणि लिहीत बसलो भलतेच. तार करायला निघालो होतो, तो पोस्टाच्या पायरीवरून परत आलो.

गंगाधरपंत, मूल गेले. मुलगा होता.

खंडेनवमीला मी प्लग काढून काजळी पुसली आणि हत्यारांबरोबर पाटावर मांडले. शरयूला ते काळपट दिसले. पूजेला असे कसे ठेवायचे, म्हणून तिने देवाच्या उपकरण्यांबरोबर तेही चिंच लावून राखेने घासले. लखलखीत केले. आईने कौतुकही केले. दसऱ्याच्या पहाटे शरयूला कळा सुरू झाल्या. मूल पायाळू आहे, सांगलीला न्या, असे सुईण म्हणाली. मी घाईने प्लग बसवले, बॅटरी जोडली. एकाचे वेटोळे तुटले होते. सगळ्या गल्लीने लॉरी ढकलली, पण नुसता पांढरा धूर. शेवटी शेजारच्या बिराप्पाने बैलगाडी जुंपली. तो एवढेच म्हणाला, "लय उशीर केलासा, दादा." वाटेतच ती मोकळी झाली. पोर रडलेच नाही.

बॅटरी उतरली होती, असे मी घरात सांगितले. तुम्हालाही तेच लिहिणार होतो. पण आज सकाळी ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "दादा, बॅटरी उतरली होती, तर लॉरीचे दिवे कसे लागले होते?"

तेव्हापासून तिने पाण्याचा घोटही घेतलेला नाही. तुम्ही आता तिला न्यायला येणार नाही, असे ती आईला म्हणाली.

तुम्ही या. रागवायचे असेल तर माझ्यावर रागवा, मी वेशीपर्यंत सामोरा येईन, तिथेच काय ते बोला. घरात आलात की मात्र तिच्याजवळ बसा. ती माझे काही ऐकत नाही.

तुमची वाट पाहणारा,
शरयूचा भाऊ
चिंतामण