शाच्या दुकानात नाकाची परीक्षा

१२ नोव्हेंबर, मंगळवार
लेकाची, हाइबोची, पाठ बरी. सूनबाईचा खोकला मात्र हटत नाही. नातीला चष्मा लागला. भिंतीपलीकडच्या श्याओमानच्या बाळाला दात येतायत — रात्रभर किरकिर. लेकाला फोन करून मी सगळ्यांचं विचारलं, मग त्यानं माझं विचारलं. "आई, नाक?"
"येतंय हळूहळू," म्हटलं. कुठलं यायला! उन्हाळ्यातल्या तापानं वास नेला तो नेलाच.

१३ नोव्हेंबर, बुधवार
पातेलं करपलं. मी शेजारी बसून मोजे शिवत होते! डोळ्यांत धूर गेला तेव्हा कळलं. नेमका हाइबो दारात.
"उद्या गॅस सुटला तर? आणि भिंत एका विटेची, पलीकडे तान्हं बाळ. आमच्याकडे चल."
विजेची शेगडी लावावी तर अख्ख्या आवाराचे दिवे जातात. आणि त्याच्या त्या उंच इमारतीत मी कुणाशी बोलू? लिफ्टशी? लग्न होऊन या आवारात आले. नवरा इथूनच गेला.
खूप वाद. शेवटी ठरलं — रविवारी कोपऱ्यावरच्या शाच्या न्याहारीच्या दुकानात परीक्षा. डोळे बांधून नुसत्या वासावर दोउजी ओळखली तर इथं राहायचं, नाही तर गाठोडं बांधायचं. "आंबवलेल्या मुगाचं पाणी ते," म्हणाला, "त्याचा वास मेलेल्यालाही येतो!" बीजिंगचा पोर, पण लहानपणापासून त्याला शिसारी.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी दुकानात वाडगा नाकाशी धरून बसले. आंबट जिभेला कळतं. वास — काही नाही. सोबतचं तळलेलं पिठाचं कडं मोडलं, नुसती कुरकुर ऐकली.
शा म्हणाला, "ग्वान मावशी, पिताय की ध्यान लावताय? निवलं की चोथा खाली बसेल, आणि शिव्या मला द्याल!"
त्याला सगळं सांगून टाकलं. तो एकच टेबल पुसत राहिला.

१६ नोव्हेंबर, शनिवार
लसूण हुंगला. व्हिनेगर हुंगलं. जुने बूट हुंगले! थकले.

१७ नोव्हेंबर, रविवार
हाइबोनं माझ्याच मफलरनं डोळे बांधले. एका वाडग्यात दोउजी, दुसऱ्यात राळ्याची पेज. मागून कुणीतरी — "म्हातारीला बोहल्यावर उभी करता का रे?" दुकानभर हशा. मला मात्र घाम.
पहिला वाडगा नाकाशी आला. काही नाही. दुसरा आला. काही नाही. तेवढ्यात शा खाकरला.
"हा!" मी म्हटलं.
टाळ्या! हाइबोनं मफलर सोडला. "जिंकलीस, आई!" आणि जन्मात पहिल्यांदा त्या वाडग्यातला घोट घेतला. "तुझ्यासाठी!" तोंड असं वेडंवाकडं केलं की शा पोट धरून हसला.
मीही हसले. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
श्याओमान बाळाला घेऊन आली. "आजी, दुपारभर सांभाळाल? आता काळजी नाही, तुमचं नाक आलं ना! गल्लीभर झालंय!"
बाळ माझ्या पलंगावर झोपलं. मी चहासुद्धा ठेवला नाही. शेगडीची कळ तपासली. पुन्हा तपासली. खिडकी उघडली तर बाळाला वारा, लावली तर माझ्या जिवाला घोर. श्याओमान परत आली तेव्हा मी शेगडीपाशीच होते.
जाताना म्हणाली, "किती आधार वाटतो तुमचा!"

२० नोव्हेंबर, बुधवार
गॅसवाल्याला बोलावून टाकी, शेगडी, नळी, सगळं देऊन टाकलं. मग हाइबोला फोन केला. "शनिवारी न्यायला ये. मला वास आलाच नव्हता. शा खाकरला रे."
 तो म्हणाला, "तुझं मन मोडवेना. त्याला खाकरायला मीच सांगितलं होतं, आई."